‘पॉवर गेली’ म्हणजे नेमके काय गेले : गटिंगच्या विजेच्या यंत्रातील बिघाडांचा आढावा

बॅडमिंटन, टेनिस किंवा स्क्वॉशच्या रॅकेटच्या चौकटीत ठरावीक ताणाने दोरी ओवून जाळी बसवण्याच्या कामाला भारतातील खेळाडू आणि दुकानदार सर्रास ‘गटिंग’ म्हणतात, कारण पूर्वी ही दोरी जनावरांच्या आतड्यापासून, म्हणजे ‘गट’पासून, तयार होत असे, आज ती बहुतांशी नायलॉन किंवा पॉलिएस्टरची असली तरी नाव मात्र टिकून राहिले आहे. हे काम करणारी यंत्रे ढोबळमानाने तीन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात आडव्या दांड्यावर सरकणारे वजन दोरी ओढते, दुसऱ्यात कारागीर हाताने दांडा फिरवतो आणि ठरलेला ताण आला की आतली स्प्रिंग खटका पाडून दांडा अडवते, तर तिसऱ्यात हेच काम विजेची मोटर करते. पहिल्या दोन प्रकारांना विजेशी कर्तव्य नाही. प्रस्तुत आढावा तिसऱ्या प्रकाराचा, आणि त्यातही हे यंत्र अचानक बंद पडले असता दोष कोठे व कोणत्या क्रमाने शोधावा, या एका प्रश्नाचा आहे.

विजेच्या यंत्राचे वैशिष्ट्य असे की ते दोरी एकदा ओढून थांबत नाही. नायलॉनची दोरी ताणाखाली हळूहळू लांबते आणि लांबली की ताण उतरतो. ही उतरण ताण मोजणाऱ्या संवेदकाच्या लक्षात येते आणि मोटर पुन्हा किंचित फिरून ताण पूर्ववत करते. म्हणजेच मोजणे, तुलना करणे आणि ओढणे या तीन क्रिया दोरी क्लॅम्पमध्ये पकडली जाईपर्यंत अखंड चालू असतात. भिंतीतून येणारी वीज प्रथम कमी दाबाची आणि एकदिश करून घ्यावी लागते, मग तिचा एक फाटा हिशेब करणाऱ्या सर्किटकडे आणि दुसरा, अधिक जोरकस, मोटरकडे जातो. या दोन फाट्यांमुळेच बिघाडाची लक्षणे निरनिराळी दिसतात.

बोली मराठीत ‘पॉवर गेली’ हा शब्दप्रयोग पुरवठा खंडित झाला तरी वापरतात आणि एखाद्याची ताकद ओसरली तरी वापरतात, आणि गटिंगच्या यंत्राबाबतची बहुतेक गफलत या दुहेरी अर्थातून सुरू होते. यंत्रावरचा दिवाच लागत नाही, दिवा लागतो पण मोटर हलत नाही, मोटर हलते पण चोवीस पाउंड मागितले असता वीसच ओढते, या तिन्ही अवस्थांचे वर्णन यंत्राचा मालक एकाच वाक्यात करतो. वस्तुतः त्यांची मुळे वेगळ्या ठिकाणी असतात आणि पहिल्या अवस्थेचे औषध तिसरीला लागू पडत नाही. त्यामुळे दुरुस्तीतली पहिली पायरी पाना किंवा मीटर हाती घेण्याची नसून या तिन्हींपैकी नेमके काय घडले आहे ते ठरवण्याची आहे.

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहराच्या संदर्भात हा प्रश्न पाहण्यास काही कारणे आहेत. या शहराच्या दक्षिणेला जवळच असलेल्या लेमिंग्टन स्पा येथे १८७०च्या दशकाच्या पूर्वार्धात हॅरी जेम आणि ऑगुरिओ पेरेरा यांनी लॉन टेनिसचा जगातील पहिला मानला जाणारा क्लब काढला, आणि साधारण त्याच काळात पुण्याच्या छावणीतील ब्रिटिश अधिकाऱ्यांमध्ये बॅडमिंटनचा जो अवतार रुजला त्याला ‘पूना’ असेच नाव पडले होते. २०२२च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेतील बॅडमिंटनचे सामने कॉव्हेंट्री आणि बर्मिंगहॅम यांच्या दरम्यान असलेल्या एनईसी या प्रदर्शन संकुलात झाले आणि तेथेच मुंबईच्या चिराग शेट्टीने सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीच्या साथीने पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. शिवाय जॅग्वार लँड रोव्हरचे मुख्यालय कॉव्हेंट्रीच्या व्हिटली भागात असून २००८मध्ये टाटा मोटर्सने ही कंपनी विकत घेतल्याने पिंपरी-चिंचवडकडच्या अभियंत्यांना हे गाव परके राहिलेले नाही. इंग्रजीत ‘कॉव्हेंट्रीला पाठवणे’ म्हणजे आपल्याकडचे वाळीत टाकणे, अबोला धरणे. बटण दाबूनही चकार शब्द न काढणाऱ्या यंत्रासाठी याहून समर्पक गाव सापडणे कठीण, हा भाग वेगळा. खरे महत्त्व आहे ते तेथील वीजजोडणीच्या पद्धतीला, कारण ती महाराष्ट्रातील पद्धतीसारखी भासते आणि नेमक्या मोक्याच्या ठिकाणी वेगळी पडते.

दोन्हीकडे वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचीच आहे. ब्रिटनमध्ये पुरवठादाराने हा दाब २१६.२ ते २५३ व्होल्टच्या मर्यादेत राखावा असा नियम आहे, त्यामुळे कमी दाबामुळे यंत्र सुरू न होण्याचा प्रकार तेथे क्वचितच संभवतो. घरात मात्र सॉकेटची साखळी बहुधा कड्याच्या आकारात फिरवलेली असते आणि तिच्या तोंडाशी ३२ अँपिअरचा एमसीबी असतो. एवढ्या मोठ्या मर्यादेचा एमसीबी पंख्याच्या किंवा दिव्याच्या बारीक वायरीचे रक्षण करू शकत नाही. म्हणून १९४७मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानकापासून ब्रिटिश प्लगच्या पोटातच स्वतंत्र फ्यूज घालण्याची पद्धत आली. भारतातील गोल पिनांच्या प्लगमध्ये असा फ्यूज नसतो, आणि त्यामुळे भारतात वाढलेल्या माणसाच्या मनात प्लग ही संशयाची जागाच नसते.

याउलट कॉव्हेंट्रीतील घरात बंद पडलेल्या यंत्राबाबत सर्वांत आधी तीच जागा तपासावी लागते. अर्थात त्याआधी सॉकेटमध्ये वीज आहे की नाही हे टेबललॅम्प लावून पाहणे ओघानेच आले, आणि तेही एक्स्टेन्शन बोर्ड मध्ये न आणता, थेट भिंतीतल्या सॉकेटवर. सॉकेटच मृत असेल तर वीजपेटीतील आरसीडी, म्हणजे जमिनीकडे होणारी विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारे उपकरण, पडले आहे का ते पाहावे. यंत्र जोडताक्षणी आरसीडी पुनःपुन्हा पडत असेल तर दोष तुटलेल्या वायरीचा नसून गळतीचा आहे, आणि अशा यंत्राला तो दोष सापडेपर्यंत पुन्हा वीज देणे इष्ट नाही. सबंध गल्लीच अंधारात असेल तर १०५ या क्रमांकावर वीजवितरण कंपनीशी संपर्क होतो आणि यंत्राला दोष देण्याचा प्रश्नच उरत नाही.

प्लगमधील फ्यूज सुमारे एक इंच लांबीचा, चिनीमातीच्या बंद नळीचा असतो. महाराष्ट्रातील जुन्या घरांत ज्यांनी किटकॅट फ्यूज उपसून त्यावरची तार तुटली की शाबूत आहे हे डोळ्यांनी पाहिले आहे, त्यांना ही नळी फसवते, कारण जळलेली नळी आणि नवी नळी दिसायला तंतोतंत सारखी असते. मल्टिमीटर ओहमवर ठेवून नळीच्या दोन्ही टोपणांना टेकवला की निकाल लागतो. मीटर नसेल तर खात्रीच्या चालू उपकरणातील फ्यूज काढून येथे घालून पाहता येतो, मात्र त्यावरचा आकडा पाहूनच. शंभर वॉट खेचणारे यंत्र २३० व्होल्टवर अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह घेते, म्हणून गटिंगच्या यंत्राच्या प्लगला सामान्यतः तीन अँपिअरचा, लाल छपाईचा, फ्यूज पुरेसा होतो. तो जळाला म्हणून घरात सापडलेला तेरा अँपिअरचा तपकिरी फ्यूज घालणे ही सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत घातक चूक होय, कारण त्यानंतर यंत्राची दोरीसारखी बारीक वायर तापून वितळू लागली तरी फ्यूज ढिम्म हलत नाही. फ्यूज हा आजार नसतो, तो आजाराचा साक्षीदार असतो. एकदा जळाला तर वयोमानाने गेला असे म्हणता येईल, पण नवा घातल्यावर तोही तत्काळ गेला तर तिसरा घालण्यात काही अर्थ नाही.

प्लगनंतर वायर येते. बहुतेक यंत्रांची वायर संगणकाला लागते तशी सुटी, काढता-घालता येणारी असते, आणि ही सोय तपासणीच्या दृष्टीने मोठीच आहे, कारण संगणकाची चालू वायर लावून पाहिली की प्लग, त्यातला फ्यूज आणि वायर या तिन्हींचा निवाडा एका मिनिटात होतो. यंत्राच्या ज्या खाचेत ही वायर बसते तिच्या शेजारी पुष्कळदा एक चिमुकला खण असतो. पातळ स्क्रूड्रायव्हरने तो उचकटला की आत वीस मिलिमीटर लांबीची काचेची फ्यूजनळी दिसते आणि काही यंत्रांत तिच्या मागे एक जादा नळीही ठेवलेली असते. ही काच चिनीमातीपेक्षा बोलकी असते. काच स्वच्छ असून आतली तार मध्येच बारीकशी तुटलेली असेल तर फ्यूज थकून किंवा किंचित जादा प्रवाहाने गेला, आणि काचेवर आतून काळसर किंवा चंदेरी लेप बसला असेल तर यंत्रात कोठेतरी शॉर्ट झाला, असे मानण्यास आधार मिळतो. टोपणावरच्या आकड्याआधी इंग्रजी ‘टी’ अक्षर असेल तर तो फ्यूज सुरू होतानाचा क्षणिक झटका सोसणारा, सावकाश जळणारा असतो. त्या जागी ‘एफ’ अक्षराचा, लगेच जळणारा, घातल्यास निर्दोष यंत्रही दर वेळी बटण दाबताच फ्यूज उडवते आणि नसलेल्या बिघाडाचा शोध सुरू होतो.

परदेशातून आणलेल्या यंत्राचा प्रश्न थोडा निराळा आहे. भारतात घेतलेले यंत्र कॉव्हेंट्रीत दाबाच्या दृष्टीने जसेच्या तसे चालते, केवळ प्लग बदलावा लागतो आणि नव्या प्लगमध्ये योग्य फ्यूज आहे ना, हे पाहावे लागते. अमेरिकेत १२० आणि जपानमध्ये १०० व्होल्ट दाब असल्याने तेथून आणलेले यंत्र पाठीवरची पट्टी न वाचता जोडले तर ट्रान्सफॉर्मर, म्हणजे दाब कमी-जास्त करणारे तारांचे वेटोळे, क्षणात जादा प्रवाह ओढतो आणि नशीब असेल तर फ्यूजवरच निभावते. काही यंत्रांना दाब निवडण्याची लाल सरकपट्टी असते व ती २३०वर सरकवल्यावर फ्यूजही जवळजवळ निम्म्या क्षमतेचा घालावा लागतो. पाठीवरच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिले असेल तर यांपैकी कशाचीच चिंता नाही.

इंग्लंडमधील घरांत असे यंत्र गॅरेजमध्ये किंवा बागेतल्या शेडमध्ये ठेवले जाणे साहजिक आहे आणि तेथील ओलसर हिवाळा विजेच्या उपकरणांना मानवत नाही. थंडगार गॅरेजमधून उबदार खोलीत आणलेल्या यंत्राच्या आतल्या धातूवर, थंड पाण्याच्या तांब्यावर धरते तसे, दव धरते. ते सुकेपर्यंत काही तास थांबणे एवढाच त्यावर उपाय असून तो न केल्यास आरसीडी पडणे किंवा सर्किटवर शॉर्ट होणे संभवते. जोडण्यांवर धरलेला हिरवट गंज हे याच दमटपणाचे दीर्घकालीन रूप.

येथपर्यंतची तपासणी यंत्र न उघडता होते. आणखी एक चाचणीही न उघडता करता येते, आणि ती फारशी कोणी करत नाही हे आश्चर्यच आहे. वायर भिंतीतून काढून घ्यावी, यंत्राचे बटण चालू स्थितीत ठेवावे आणि प्लगच्या दोन आडव्या पिनांना मीटरची दोन्ही टोके लावून रोध मोजावा. ट्रान्सफॉर्मर असलेल्या जुन्या धाटणीच्या यंत्रात मीटर काही दशक ओहम दाखवतो आणि बटण बंद करताच तो आकडा अनंतावर जातो. बटण चालू असूनही अनंतच दाखवला तर फ्यूज, वायर, बटण किंवा ट्रान्सफॉर्मरचे प्राथमिक वेटोळे यांपैकी एक जण तुटलेला आहे. जवळजवळ शून्य दाखवला तर शॉर्ट आहे. काही ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यात एकदाच जळणारा उष्णताफ्यूज दडवलेला असतो आणि तो गेला की सबंध ट्रान्सफॉर्मर बदलावा लागतो. नव्या यंत्रांत ट्रान्सफॉर्मरऐवजी मोबाइलच्या चार्जरसारखा, पण मोठा, इलेक्ट्रॉनिक पुरवठा असतो व त्याच्याबाबत ही मोजणी इतकी स्पष्ट बोलत नाही.

यंत्र उघडण्याचा निर्णय हा कौशल्याइतकाच संयमाचाही आहे. इलेक्ट्रॉनिक पुरवठ्यातील मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा डबा, सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भरलेला असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसाच राहू शकतो. ज्याला तो सुरक्षितपणे रिकामा करता येत नाही त्याने झाकणाचे स्क्रू काढू नयेत, हे येथे निःसंदिग्धपणे नमूद करावे लागते. महाराष्ट्रात घरोघरी असणारा निऑन टेस्टर या कामासाठी पुरेसा नाही. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यालयाने मीटरच्या सळया कशा असाव्यात याबद्दल वेगळी मार्गदर्शिकाच काढलेली आहे. जाणत्या माणसाला आत पाहताना डोके फुगलेले कपॅसिटर, सुटलेले डाग आणि सैल झालेले जोड प्रथम दिसतात. पाच-सहा वेळा बटण दाबल्यावर सुरू होणारे आणि एकदा तापल्यावर दिवसभर विनातक्रार चालणारे यंत्र बहुधा म्हाताऱ्या कपॅसिटरकडेच बोट दाखवते. शॉर्टचा संशय असता आपल्याकडचा इलेक्ट्रिशियन सिरीज बोर्ड काढतो, म्हणजे यंत्राच्या वाटेत साठ किंवा शंभर वॉटचा तारेचा बल्ब ओळीने जोडतो. बल्ब लख्ख पेटला तर शॉर्ट, क्षणभर चमकून मंदावला तर पुरवठा ठीक. ही युक्ती आजही उत्तम आहे, अडचण एवढीच की तारेचे बल्ब आता ब्रिटनमध्ये सहजासहजी मिळत नाहीत आणि एलईडी बल्ब या कामी येत नाही.

दुसऱ्या अवस्थेत, दिवा लागलेला असताना मोटर हलत नसेल तर, संशयाची दिशा पूर्णपणे बदलते. पायाने दाबायचे पेडल असल्यास त्याची वायर सतत पायाखाली येऊन तुटते. पेडल काढून यंत्रावरचे बटण वापरले की याचा छडा लागतो. ताण देणारे डोके आपल्या मूळ जागी परत आले की एक लहान स्विच दाबला जाऊन ती खबर सर्किटला मिळते, आणि हा स्विच दोरीच्या तुकड्यांनी किंवा मेणचट धुळीने अडला तर ओढ संपलेली नाही अशा समजुतीने सर्किट नवी आज्ञा घेत नाही. डोक्याची रुळासारखी वाट अडखळत असेल तर मोटर जागच्या जागी जोर लावते, त्या स्थितीत ती नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेते आणि रक्षक सर्किट तिला बंद करते. थोड्या वेळाने ती पुन्हा चालते आणि पुन्हा थांबते. येथे वीज गेलेली नसून वाट घाण झालेली असते, व कोरडे फडके हे अनेकदा नव्या सर्किटबोर्डापेक्षा उपयोगी ठरते. मोटरमधील कोळशाचे ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे झिजते ठोकळे, संपत आले की मोटर हलकी थाप मारल्यावर सुरू होते. ही थाप दुरुस्ती नव्हे, निदान होय.

बिघाड काम चालू असतानाच झाला तर यंत्राआधी रॅकेटचा विचार करावा लागतो. उभ्या दोऱ्या भरल्या गेल्या आणि आडव्या अजून बाकी आहेत अशा अवस्थेत चौकट लांबीत आकसू पाहते, आडव्या दोऱ्या पडल्यावरच ती मूळ आकारावर येते. म्हणून शेवटची दोरी लगेच क्लॅम्पमध्ये पकडून पकडीतून सोडवावी आणि वीज तासाभरात येण्याची चिन्हे नसतील तर रॅकेट यंत्रावरून न काढता दोऱ्या मध्यापासून बाहेरच्या बाजूला क्रमाने कापून टाकाव्यात. साधारण दहा मीटर दोरी वाया जाते, परंतु चौकट वाचते.

दुरुस्ती स्वतःची की दुसऱ्याची, यात कायद्याचाही थोडा वाटा आहे. ब्रिटनमध्ये १ जुलै २०२१पासून धुलाईयंत्र, भांडीयंत्र, फ्रिज आणि दूरचित्रवाणीसंच यांचे सुटे भाग काही वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन उत्पादकांवर आले, पण गटिंगचे यंत्र त्या यादीत नाही, त्यामुळे त्याचा सर्किटबोर्ड मिळणे न मिळणे हे उत्पादकाच्या मर्जीवर राहते. नवे यंत्र बंद पडले तर घरगुती ग्राहकाला २०१५चा ग्राहक हक्क कायदा भक्कम आधार देतो. मात्र जो धंद्यासाठी यंत्र घेतो तो या कायद्याच्या अर्थाने ग्राहक ठरत नाही, आणि पैसे घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या रॅकेटी भरणाऱ्याने ही सीमारेषा ध्यानात ठेवलेली बरी. कामाच्या ठिकाणच्या उपकरणांची दरवर्षी चाचणी कायद्याने सक्तीची आहे ही समजूत क्लबांमधून सर्वत्र आढळते, पण १९८९च्या नियमांत धोका उद्भवणार नाही अशी देखभाल करावी एवढेच म्हटले आहे, कालावधी सांगितलेला नाही.

दिवा लागला आणि मोटर फिरली म्हणजे पहिल्या दोन अवस्था सरल्या. तिसरी, ओढ कमी पडण्याची, अजून तपासायची असते, आणि फ्यूज किंवा बोर्ड बदललेल्या यंत्राबाबत ती टाळता येत नाही, कारण बोर्डासोबत ताणाची नोंदही बदललेली असू शकते. यासाठी खास काटे मिळतात, परंतु विमानात तेवीस किलोंची मर्यादा सांभाळण्यासाठी परदेशस्थ मराठी घरांत सामान तोलायचा जो हाती काटा असतो तोही ढोबळ चाचणीला पुरतो. काट्याचा हूक रॅकेट धरणाऱ्या फिरत्या पाटाच्या खांबाला अडकवावा, दुसऱ्या बाजूला जाड दोरीचा फास बांधून ती यंत्राच्या पकडीत द्यावी, काटा ओढीच्या सरळ रेषेत येईल असा धरावा आणि चोवीस पाउंड मागावेत, काट्यावर १०.९ किलो यायला हवेत. दहा किलो चारशे ग्रॅम आले तर यंत्र सुमारे एक पाउंडाने मागे आहे, आणि माहितीपुस्तिकेतील पद्धतीने जुळवणी करून, त्याच दोरीवर किमान तीन वेळा तोच आकडा आल्यावरच, अर्धवट राहिलेली रॅकेट नव्या दोरीने पुन्हा पाटावर चढवावी.